शेळ्यांच्या कळपात राखणीचे पिल्लू वाढवताना

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात उसातून येणारा बिबट्या, सासवड-बारामतीपासून करमाळ्यापर्यंतच्या माळरानांवर फिरणारा लांडगा आणि गावालगत जवळजवळ सर्वत्र आढळणारी मोकाट कुत्र्यांची टोळी, असा तिहेरी जाच महाराष्ट्रातील शेळीपालकाला सोसावा लागतो. त्यावर उपाय म्हणून अनेक जण कुत्र्याचे पिल्लू आणतात, ते घराच्या दारात बांधतात, त्याला उरलेसुरले खाऊ घालतात आणि वर्षभराने ते आपणहून शेळ्यांमागे जाऊन त्यांची राखण करील अशी अपेक्षा धरतात. प्रत्यक्षात असा कुत्रा घर राखतो, आल्यागेल्यावर भुंकतो आणि शेळ्या माळावर गेल्या की मालकाच्या ओट्यावर झोपून राहतो. यात त्याचा काही दोष नाही, कारण तो ज्यांच्यात वाढला त्यांचीच राखण करीत असतो.

कुत्र्याच्या पिल्लाला आपले कोण आणि परके कोण हे साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात उमगते. या काळात ज्या प्राण्यांचा वास, आवाज आणि स्पर्श त्याला सतत मिळतो, ते त्याच्या लेखी कायमचे घरचे ठरतात. हे तत्त्व अनेक देशांतील मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. चार्ल्स डार्विन १८३३ साली आजच्या उरुग्वेमध्ये हिंडत असताना त्याने पाहिले की तेथील लोक पिल्लाला लहानपणीच आईपासून वेगळे करतात, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला लावून दूध पाजतात, मेंढवाड्यातच त्याच्यासाठी लोकरीचे अंथरूण करतात आणि घरातल्या मुलांशी किंवा इतर कुत्र्यांशी त्याला मिसळू देत नाहीत. असा कुत्रा मांसाचा तुकडा घ्यायला घराकडे आला की घरची कुत्री त्याला पिटाळून लावत, पण तोच कुत्रा आपल्या कळपापाशी पोहोचला की उलट फिरून भुंकू लागे आणि मागे लागलेली कुत्री पळ काढत. शेळीच्या आचळाला पिल्लू लावण्याची आपल्याला काहीच गरज नाही, मात्र त्या पद्धतीतील सहवासाचा भाग जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे.

पिल्लू कोठून आणावे

जातीपेक्षा आईबाप काय काम करतात हे पाहणे महत्त्वाचे आहे. मुधोळ, कारवान, पश्मी ही आपल्याकडील देखणी व चपळ कुत्री सशामागे धावण्यासाठी जोपासली गेली आहेत, आणि जे पळते त्याच्या मागे धावणे हा त्यांचा उपजत स्वभाव असल्यामुळे उड्या मारणाऱ्या करडांमध्ये त्यांना सोडणे म्हणजे त्यांच्याही स्वभावाची परीक्षा पाहणे होय. हिमाचलातील गद्दी आणि काश्मीरकडील बकरवाल ही राखणीसाठीच नावाजलेली कुत्री असली, तरी त्यांची दाट केसाळ कातडी थंड प्रदेशासाठी बनलेली असते, आणि सोलापूर-धाराशिवच्या ४२ अंशांच्या उन्हात त्यांना आणून ठेवणे हा केवळ हौसेचा भाग झाला. आपल्याकडे सर्वांत चांगला पर्याय म्हणजे धनगरांच्या वाड्यावर, वाघरीच्या (मेंढ्या कोंडण्याच्या जाळीच्या) आसपास जन्मलेले आणि मेंढ्यांबरोबर हिंडणाऱ्या कुत्रीचे पिल्लू होय. ही कुत्री दिसायला साधीच असतात, पण ऊन, चाल आणि भाकरी या तिन्हींना ती सरावलेली असतात.

पिल्लू पाहायला गेल्यावर आधी त्याची आई पाहावी. मेंढ्या तिच्या अंगावरून गेल्या तरी ती शांत पडून राहते का, परका माणूस आला की ती कळप आणि तो माणूस यांच्या मधे उभी राहते का, आणि मालकाने हाक मारल्यावर ती थांबते का, या तीन गोष्टी पिल्लाच्या रंगापेक्षा फार मोलाच्या आहेत. पिल्लांपैकी सर्वांत दांडगट किंवा सर्वांत भित्रे निवडू नये. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, कारण किती जोराने चावले म्हणजे दुसऱ्याला दुखते हे त्याला भावंडांमध्येच कळते, आणि हा धडा चुकलेले पिल्लू पुढे करडांच्या कानांवर तो गिरवते. दोन सख्खी भावंडे एकदम आणण्याचा मोहही टाळावा, कारण ती शेळ्यांकडे लक्ष न देता एकमेकांशीच जीव लावतात आणि खोड्या दुपटीने करतात.

पहिले चार आठवडे

पिल्लू आणण्यापूर्वीच गोठ्यात त्याची जागा तयार असली पाहिजे. एका कोपऱ्यात जाळीचा छोटा कप्पा करावा, ज्यातून त्याला शेळ्या दिसतील, त्यांचा वास येईल, त्या नाक लावून त्याला हुंगतील, पण शिंगाने ढुशी देऊ शकणार नाहीत. या जाळीला तळाशी एक अशी फट ठेवावी की पिल्लू आतबाहेर करू शकेल आणि मोठ्या शेळीला मात्र शिरता येणार नाही. अंगावर आलेल्या शेळीपासून पळून जायला हक्काची जागा असलेले पिल्लू धीट होते, आणि जागा नसलेले पिल्लू एकतर शेळ्यांना कायमचे घाबरते किंवा दात दाखवायला शिकते.

सोबतीला कोणती जनावरे द्यावीत याचा विचार करावा. नुकती व्यालेली शेळी, माजावर आलेला बोकड आणि फार लहान करडे ही तिन्ही सुरुवातीला नकोत. दूध तुटलेली चार-पाच मोठी करडे आणि एखादी शांत, पोक्त शेळी असा छोटा गट सर्वांत चांगला, विशेषतः कुत्र्यांच्या सवयीची उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी त्यात असेल तर काम निम्मे होते. चांगले पिल्लू शेळीजवळ जाताना अंग आक्रसते, कान मागे पाडते, डोळे तिच्यावर रोखत नाही, तिच्या तोंडाला जीभ लावू पाहते आणि तिने डोके खाली घातले की चटकन पाठीवर लोळून पोट दाखवते. हे दृश्य दिसले की निवड योग्य झाली असे खुशाल समजावे. याउलट मान ताणून, पाऊल उचलून धरून करडावर नजर रोखणारे पिल्लू शिकारी अंगाचे असते, आणि ते राखणीसाठी न ठेवता परत करणे उत्तम.

या काळात पिल्लू रात्रंदिवस गोठ्यातच राहिले पाहिजे. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडते, आणि घरातील मुले त्याला उचलून घरात आणण्याचा हट्ट धरतात. येथेच बहुतेक राखणीची कुत्री बिघडतात. वाटल्यास पोत्याचे उबदार अंथरूण द्यावे, करडे त्याच्या शेजारी निजतील अशी सोय करावी, पण त्याला घरात आणू नये.

तथापि राखणीच्या कुत्र्याला माणसाने हातच लावू नये, असे जे सांगितले जाते ते मला मान्य नाही. ज्याला पकडता येत नाही त्याला लस टोचता येत नाही, पायात रुतलेला बाभळीचा काटा काढता येत नाही, आणि त्याने एखाद्या वाटसरूला धरले तर सोडवताही येत नाही. म्हणून रोज गोठ्यातच, शेळ्यांच्या देखत, पाच-दहा मिनिटे त्याला हाताळावे, त्याचे पंजे उचलावेत, तोंड उघडून दात पाहावेत, गळ्यात पट्टा घालून साखळीने थोडे चालवावे, नावाने हाक मारून जवळ बोलवावे आणि नको त्या वेळी ‘नाही’ हा एक शब्द ओळखायला लावावे. प्रेम करायला हरकत नाही, मात्र ते शेळ्यांमध्ये बसून करावे. बॉल फेकणे, काठी ओढाओढी करणे, मुलांमागे धावायला लावणे हे खेळ वर्ज्य मानावेत, कारण आज मुलामागे धावणारे पिल्लू उद्या तोच खेळ करडाशी खेळते.

खाणे, जंत आणि लसी

नुसत्या भाकरीवर पिल्लाची हाडे भरत नाहीत. भाकरी दूध किंवा ताकात कुस्करून द्यावीच, पण जोडीला उकडलेली अंडी, शिजवलेले कोंबडीचे मांस किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य यांपैकी काहीतरी असावे, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा विभागून खाऊ घालावे. शिजवलेली हाडे फुटून घशात किंवा आतड्यात रुततात, म्हणून ती देऊ नयेत. कांद्याने कुत्र्याचे रक्त कमी होते, त्यामुळे कांदा घातलेल्या कालवणाचा उरलेला भागही टाळावा.

कुत्र्याच्या ताटलीपाशी शेळ्या हमखास येतात. शेळीने भाकरी किंवा धान्य भरपूर खाल्ले तर तिच्या पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते, आणि दुसऱ्या बाजूने, आपल्या अन्नावर आलेल्या करडाला पिल्लू चावते ते बहुधा आयुष्यात पहिल्यांदा येथेच. त्यामुळे पिल्लाला त्याच्या कप्प्यात, वेळ ठरवून, आपण समोर उभे असताना खाऊ घालावे आणि खाणे संपताच भांडे उचलावे. दिवसभर भांडे भरून ठेवण्याची सवय गोठ्यात चालत नाही.

जंतांचा विषय येथे नेहमीपेक्षा गंभीर आहे, कारण कुत्रा व शेळी यांच्यात फिरणारे काही पट्टकृमी दोघांच्या सहवासावरच जगतात. कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेली टिनिया मल्टिसेप्स या कृमीची अंडी चाऱ्यातून शेळीच्या पोटात गेली की तिच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ होते आणि शेळी एकाच दिशेने गोल गोल फिरू लागते. एकायनोकोकस या कृमीमुळे शेळीच्या आणि माणसाच्याही यकृत-फुप्फुसांत गाठी होतात. मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराचे डोके, काळीज, फुप्फुस कुत्र्याला कच्चे टाकण्याची जी पद्धत आहे तिच्यामुळेच हे चक्र पूर्ण होते, म्हणून असे अवशेष खोल पुरावेत किंवा जाळावेत. पिल्लाला बारा आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतांचे औषध द्यावे, आणि मोठ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेले औषध निदान दर तीन महिन्यांनी द्यावे. उघड्यावर अवशेष पडत असतील तेथे हे अंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणखी कमी करावे.

डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस व लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुढे पशुवैद्यक सांगेल तेव्हा दुसऱ्यांदा, आणि नंतर दरवर्षी न चुकता टोचून घ्यावी. माळावरच्या कुत्र्याची कोल्ह्या-लांडग्याशी गाठ पडणारच, आणि लस न दिलेला कुत्रा आपल्या शेळ्यांना, आपल्याला आणि त्या रानातल्या प्राण्यांनाही रोग देतो. गोचिडांसाठी शेळ्यांच्या अंगावर लावलेले औषध पिल्लू चाटणार नाही, एवढी काळजी त्या दिवशी त्याला वेगळे ठेवून घ्यावी.

चार महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत

खरी कसोटी या काळात लागते आणि बहुतेक लोक याच काळात हात टेकतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात, आणि समोर लोंबणारे शेळीचे लांब कान हे पिल्लाला चावायला सर्वांत सोयीचे वाटतात. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात अंगात बळ येते, पण अक्कल आलेली नसते, तेव्हा करडांचा पाठलाग सुरू होतो. हा द्वाडपणा असतो, हिंसा नव्हे, तरी पाठलागात पडलेल्या करडाचा पाय मोडतो आणि फाटलेल्या कानात उन्हाळ्यात अळ्या पडतात, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

पिल्लाने कान धरला किंवा पळणाऱ्या करडामागे झेप घेतली की त्याच क्षणी जोराने ‘नाही’ म्हणावे आणि त्याला उचलून दहा-पंधरा मिनिटे कप्प्यात बंद करावे. पाच मिनिटांनी दिलेली शिक्षा त्याला कशाबद्दल मिळाली ते कळत नाही. त्यानंतर त्याला करडांत न सोडता मोठ्या शेळ्यांमध्ये सोडावे, कारण दोन ढुशा खाऊन पिल्लू जे शिकते ते माणसाच्या शंभर शब्दांनी शिकत नाही. ज्याच्यावर आपली नजर राहू शकत नाही, अशा पिल्लाच्या पट्ट्याला आपल्याकडे उनाड गुरांना अडकवतात तसे हलके लोढणे अडकवावे: हातभर लांबीचे, मनगटाएवढे जाड लाकूड दोरीने असे टांगावे की चालताना ते गुडघ्यांच्या थोडे वर लोंबेल, उभे राहताना किंवा बसताना त्रास देणार नाही, पण धावू लागताच पुढच्या पायांवर आपटेल. ते दिवसभर ठेवू नये, रात्री काढावे आणि पट्ट्याखालची कातडी रोज पाहावी.

कुत्र्याने करडू मारल्यास त्याचे मढे कुत्र्याच्याच गळ्यात दोन दिवस बांधून ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने कुत्रा काही शिकत नाही, फक्त जनावर छळले जाते आणि गोठ्यात घाण होते. एखादे करडू खेळात चुकून मेले तर कुत्र्याला दोन महिने करडांपासून दूर, मोठ्या शेळ्यांमध्ये ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. पण वर्ष उलटल्यावरही जो माग काढून, दबा धरून करडे धरतो त्याला या कामातून कायमचे काढावे.

शेळ्या विताना पिल्लाला पहिल्या हंगामात जाळीपलीकडून सर्व पाहू द्यावे. चिकटलेल्या ओल्या करडाला चाटायला ते धावते, आणि शेळीला आपले करडू चाटून ओळखायचा वेळ मिळत नाही. जार (वार) पडल्यावर कुत्रा तो खातो, हे नैसर्गिक आहे, पण शेळीच्या अंगातून अर्धा बाहेर आलेला जार ओढू लागला तर मात्र कुत्र्याला तत्काळ बाजूला करावे. वयात आलेला समंजस कुत्रा व्यालेल्या शेळीपासून चार पावले अंतर राखून बसतो, आणि हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

चरायला नेताना सुरुवातीला साखळीने, मग लांब दोरीने आणि सात-आठ महिन्यांनंतर मोकळे सोडून न्यावे. कळपाच्या पुढे पळणारे पिल्लू मागे बोलवावे, कळपात चालणाऱ्या पिल्लाला काहीच बोलू नये. ते मेंढरू-शेळी वळवायला शिकले तर कौतुक करू नये, कारण वळवणे आणि राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. अमेरिकेत रेमंड व लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने युरोप व तुर्कस्तानातील राखणीच्या कुत्र्यांवर काम करताना कुत्र्याचे तीन गुण तपासले होते: तो कळपाकडे लक्ष ठेवतो का, कळपाला त्याच्यापासून धोका नाही ना, आणि परके काही आले तर तो आडवा येतो का. हे गुण याच क्रमाने येतात हे लक्षात ठेवावे. आडवे येण्याची ताकद व हिंमत दीड ते दोन वर्षांनी येते, आणि त्याआधी अर्धवट वयाच्या कुत्र्याकडून लांडग्याशी झुंजण्याची अपेक्षा करणे म्हणजे तो गमावणे. नामिबियात १९९४ पासून चित्ता संवर्धन निधी ही संस्था शेळी-मेंढीपालकांना अनातोलियन या तुर्कस्तानातील राखणीच्या जातीची पिल्ले देत आली आहे, कारण शेळ्या वाचल्या की चित्त्यावर बंदूक रोखण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडे लांडगा आणि बिबट्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. नुकसान झाल्यास वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, विष किंवा फास लावू नयेत.

रात्रीची व्यवस्था

लांडगा आणि मोकाट कुत्री यांच्यापुढे दोन तयार कुत्री पुष्कळ काम करतात, कारण त्यांना बहुधा झुंज नको असते, सोपे खाणे हवे असते. बिबट्याची गोष्ट निराळी आहे. अकोले भागातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता, शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी होता. म्हणून बिबट्याच्या भागात कुत्रा रात्री गोठ्याबाहेर साखळीने बांधणे म्हणजे त्याला वाढून ठेवणे आहे. शेळ्या आणि कुत्रा दोघेही वरून व चारही बाजूंनी मजबूत जाळीच्या गोठ्यात असावेत. तेथे कुत्र्याचे काम भुंकून आपल्याला उठवण्याचे आहे, लढण्याचे नाही. माळावर मुक्काम असेल तर हिमाचलातील गद्दी मेंढपाळ वापरतात तसा लोखंडी खिळ्यांचा पट्टा मोठ्या कुत्र्याच्या गळ्यात घालावा, कारण बिबट्या आधी मान धरतो. रात्रीच्या भुंकण्यावर ओरडू नये, उठून बॅटरी मारून पाहावे. दोन-तीनदा ओरडा खाल्लेला कुत्रा चौथ्या रात्री गप्प बसतो.

नसबंदीबाबत आपल्याकडे उगीच संकोच बाळगला जातो. माजावर आलेली कुत्री गावातील सगळे कुत्रे कळपात आणते आणि नर माजाच्या वासावर दोन-दोन दिवस कळप सोडून जातो. शिवाय पुणे जिल्ह्यातील माळरानावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झालेले आहे, आणि आपला लांडगा मुळातच थोडा उरलेला असताना त्यात भर घालण्याचे कारण नाही. वाढ पूर्ण होत आल्यावर, साधारण वर्षभरानंतर, पशुवैद्यकाशी बोलून शस्त्रक्रिया करावी. त्यामुळे राखणीत काही उणे पडत नाही.

पहिला कुत्रा दोन-तीन वर्षांचा आणि भरवशाचा झाला की दुसरे पिल्लू आणावे. या खेपेस कप्पा, लोढणे, नजर ठेवणे सर्व काही करावेच, पण काम बरेच हलके होते, कारण करडामागे धावणाऱ्या पिल्लाला आता मोठा कुत्राच गुरगुरून बसवतो. तीस-चाळीस शेळ्यांच्या खांडाला दोन कुत्री पुरतात, त्यातही एक नर व एक मादी अशी जोडी असल्यास भांडणे कमी होतात. पहिल्याच कुत्र्याला अजून करडांचा नाद असेल, तर मात्र दुसरे पिल्लू आणण्याची घाई करू नये, कारण ते राखण शिकायच्या आधी तोच नाद उचलते.